नकाशातून काय गळले?

जिल्ह्याचा आरोग्य आराखडा हल्ली नकाशाशिवाय पुरा होत नाही. पूर्वी आकड्यांचे तक्ते असत आणि ते फारसे कोणी वाचत नसे. आता पडद्यावर रंगीत नकाशा येतो, जास्त रुग्णांचे तालुके लाल दिसतात आणि बैठकीतले सगळे एकदम जागे होतात. ही सुधारणाच आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. फवारणीचे पथक कुठे पाठवायचे, रुग्णवाहिका कुठे उभी करायची, नवे उपकेंद्र कोणत्या गावाला द्यायचे, हे निर्णय नकाशा पाहून झाले तर ते अंदाजाने घेतलेल्या निर्णयांपेक्षा बरे ठरण्याची शक्यता जास्त. मात्र तो नकाशा पडद्यावर येण्याआधी संगणकावर एक छोटीशी कृती झालेली असते आणि तिच्याबद्दल बैठकीत कोणी विचारत नाही. मोठ्या नकाशातून हवे तेवढे वेचून घ्यायचे आणि त्याचा वेगळा नकाशा करायचा, ही ती कृती. माझे म्हणणे असे की, आरोग्याच्या नकाशांत सर्वाधिक गफलती इथेच शिरतात आणि त्या रोखण्याचा उपाय जवळपास फुकट आहे.

कृती समजायला सोपी आहे. संगणकावरचा नकाशा हे एकसंध चित्र नसते. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे त्यात थर असतात: नद्यांचा एक, रस्त्यांचा एक, गावांच्या हद्दींचा एक, दवाखान्यांचा एक. या क्षेत्रातली मंडळी त्यांना ‘लेयर’ म्हणतात. प्रत्येक थराच्या पोटात एक तक्ता असतो. गावांच्या थरात प्रत्येक गावाची एक ओळ आणि त्या ओळीत नाव, तालुका, लोकसंख्या, रुग्णसंख्या असे रकाने. ‘क्यूजीआयएस’ हे मोफत सॉफ्टवेअर असो की ‘आर्कजीआयएस’सारखे विकतचे, निवड करण्याचे मुख्य मार्ग दोनच. एक, तक्त्यातल्या माहितीवरून: रुग्णसंख्या दहापेक्षा जास्त असलेली गावे निवड. दुसरा, जागेवरून: या नदीपासून एक किलोमीटरच्या आतली गावे निवड. निवडलेली गावे पिवळी होतात. मग ‘निवडलेले तेवढेच नव्या थरात जतन कर’ असे सांगायचे, की झाला नवा नकाशा. शिकलेल्या माणसाला दोन मिनिटे पुरतात. नव्या नकाशात मात्र मूळ अटीचा मागमूस राहत नाही. काय घेतले ते दिसते, काय वगळले ते दिसत नाही आणि का वगळले हे तर फक्त त्या माणसाला ठाऊक असते.

ठाणे जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. पण लोकसंख्येचा गावनिहाय आधार अजूनही २०११च्या जनगणनेचाच आहे, कारण पुढची जनगणना लांबली. त्या जनगणनेवर बेतलेला थर उघडून ‘जिल्हा बरोबर ठाणे’ अशी अट टाकली, तर संगणक प्रामाणिकपणे तेव्हाचे ठाणे वेगळे काढून देतो. वसईपासून मोखाड्यापर्यंतचे, १ कोटी १० लाखांवर लोकवस्तीचे, तेव्हाचा देशातला सर्वांत मोठा जिल्हा असलेले ठाणे. त्यातले सुमारे ३० लाख लोक आता पालघरचे आहेत. या थराला आजच्या ठाण्याची रुग्णसंख्या जोडली, की भागाकारातला छेद फुगतो. प्रत्यक्षात लाखामागे १०० रुग्ण असतील तर नकाशावर ७३च दिसतील. रोग चतुर्थांशाने कमी झाला, तोही कोणी बोट न हलवता! आणि पालघरची रुग्णसंख्या घेऊन ती जोडायला जागा शोधणाऱ्याला त्या थरात पालघर नावाची ओळच सापडणार नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगड ही नावे कुपोषणाच्या संदर्भात महाराष्ट्राने इतक्यांदा ऐकली आहेत की, तिथल्या आकड्यांना नकाशात जागा नसणे ही किरकोळ तांत्रिक अडचण म्हणता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचेही तसेच. चौथी फेरी २०१५-१६ची, तिच्यात २०११च्या हद्दींप्रमाणे ६४० जिल्हे होते. पाचवी फेरी २०१९-२१ची, तिच्यात ७०७. दोन्हींच्या थरांतून ‘ठाणे’ वेचून शेजारी शेजारी ठेवले आणि बाळांच्या वजनात सुधारणा दिसली, तर त्यात अंगणवाडीताईंच्या कष्टांचा वाटा किती आणि आदिवासी तालुके जिल्ह्याबाहेर गेल्याचा किती, हे त्या दोन रंगांवरून कळणार नाही. तालुक्यांची बेरीज करून दोन्हीकडे एकच हद्द धरल्याशिवाय तुलनाच होत नाही.

नावावरून निवड करण्याचा मोह तर टाळलेलाच बरा. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव या नावांची गावे महाराष्ट्रात किती आहेत हे एसटीच्या वाहकाला विचारावे. जनगणनेने २०११मध्ये प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक दिला तो त्यासाठीच. मुद्दा फक्त गावांच्या नावांचा नाही. सरकारी संस्थांच्या यादीतून नावात ‘दवाखाना’ असलेल्या सगळ्या जागा वेगळ्या काढल्या, तर त्यात पशुवैद्यकीय दवाखानेही येऊन बसतात. तालुक्याची आरोग्यसेवा नकाशावर एकदम भक्कम दिसू लागते, तिच्यातले काही डॉक्टर फक्त गाईम्हशी तपासतात एवढेच.

जागेवरून निवड करण्यातला धोका याहून खोल आहे. तो समजायला रोगांच्या नकाशांच्या मूळ पुरुषाकडे जावे लागते. १८५४च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ उसळली. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यूंची घरे शोधली. घराघरापुढे मृत्यूंच्या काळ्या रेघा मारलेला त्याचा नकाशा आज जगभर शिकवला जातो. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती होती. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. गोष्ट इथे संपवली जाते आणि ऐकणाऱ्याला वाटते की, पंपाजवळचे मृत्यू नकाशावर दिसले आणि कोडे सुटले. तसे घडले नाही. दांडा आधी निघाला, नकाशा नंतर तयार झाला. आणि स्नोच्या युक्तिवादाला खरे वजन आले ते पंपापासून दूर असलेल्या मृत्यूंमुळे.

सुरुवातीच्या आठवड्यातल्या ज्या ८३ मृत्यूंची नोंद त्याने सरकारी दप्तरातून मिळवली, त्यांतल्या दहा जणांची घरे दुसऱ्याच पंपाजवळ होती. आजच्या सॉफ्टवेअरवर ‘ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाला सर्वांत जवळ असलेली घरे निवड’ असे म्हटले, तर ही दहा घरे पहिल्याच फटक्यात गळतील आणि उरलेला थर छान, गोलसर, पटणारा दिसेल. स्नो त्या दहा घरांची चौकशी करत बसला. त्यांपैकी पाच कुटुंबे चव आवडते म्हणून मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आणवत होती. आणखी तीन मुले होती, त्यांची शाळा त्या पंपाजवळ होती. सर्वांत नामी पुरावा तर सोहोच्या पार बाहेरचा. हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली. तिच्या आसपास साथ नव्हती. पण ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत असे, तिथले पाणी तिला आवडे आणि रोज गाडीतून तिच्यासाठी त्या पंपाचे बाटलीभर पाणी जाई. तिची पाहुणी आलेली भाची तेच पाणी प्यायली, इस्लिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तीही दगावली. सोहोची हद्द आखून ‘हद्दीच्या आतले तेवढे घे’ म्हणणाऱ्या कोणालाही या दोघी कधी भेटल्या नसत्या.

उलट्या बाजूनेही तसेच. साथीच्या ऐन मध्यात असलेल्या गरीबखान्यात ५३५ माणसे होती, त्यांतली फक्त पाच कॉलऱ्याने मेली. तिथे स्वतःची विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यातल्या सत्तरावर कामगारांपैकी कोणीच दगावला नाही. त्यांना पिण्यासाठी बिअर मिळे, पंपाकडे जायची गरजच नव्हती. फक्त मृत्यू झालेली घरे वेगळ्या थरात काढली असती, तर ही दोन ठिकाणे नकाशावर रिकामी जागा म्हणून राहिली असती. मृत्यू न झालेले घर हीसुद्धा माहिती असते. आपल्याकडच्या डेंग्यू-मलेरियाच्या नकाशांवर ‘रुग्ण आढळलेली गावे’ एवढाच थर फिरताना दिसतो, तेव्हा मला त्या बिअरच्या कारखान्याची आठवण येते. शेजारच्या दोन गावांतले एक का वाचले, हा प्रश्न विचारण्याची सोयच त्या नकाशाने काढून घेतलेली असते.

हद्दीने कापण्याचा दुसरा दाखला आपल्या घरचा आहे. क्यासनूर जंगलाचा आजार म्हणजे आपल्याकडचा माकडताप. १९५७मध्ये तो कर्नाटकातल्या शिमोगा भागात ओळखला गेला. विषाणू पसरतो गोचिडींमार्फत, आणि माकडे मरू लागली की ती धोक्याची पहिली घंटा. २०१५मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आला, २०१६मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. नकाशा समोर ठेवला तर यात आश्चर्य काही नाही. सत्तरीतले म्हादई अभयारण्य, बेळगाव जिल्ह्यातले भीमगड आणि दोडामार्गातले तिलारी हा एकमेकांना लागून असलेला जंगलाचा पट्टा आहे. गोचीड आणि माकड यांना राज्य पुनर्रचना ठाऊक नाही. काजू वेचायला पहाटे बागेत शिरणारी बाईदेखील ज्या बाजूला काम मिळेल त्या बाजूला जाते.

पण थर कसा काढला जातो? ‘राज्य बरोबर महाराष्ट्र’. या एका अटीने पट्ट्याचे तीन तुकडे होतात. महाराष्ट्राच्या नकाशात दोडामार्ग हे एका कोपऱ्यातले एकटे लाल बेट दिसते, ज्याच्या पलीकडे पांढरा कागद आहे. पलीकडच्या गावात गेल्या आठवड्यात माकडे मेली का, हे त्या पांढऱ्या कागदावर लिहिलेले नसते. भरीला भर म्हणजे दोडामार्ग-सावंतवाडीचे गंभीर रुग्ण अनेकदा बांबोळीच्या गोमेकॉत जातात. ती वाट सोयीची आणि जुनी आहे. म्हणजे माणूस इकडचा, उपचाराची नोंद तिकडची. अशा ठिकाणी थर काढायचा तर तो जंगलाच्या सलग पट्ट्याने काढायला हवा, किमान हद्दीपलीकडे २५-३० किलोमीटरचा पदर धरून. हे सॉफ्टवेअरला अजिबात अवघड नाही. अवघड आहे ते शेजारच्या राज्याकडून त्याच स्वरूपातली माहिती वेळेवर मागून घेणे, आणि नकाशावर राज्याची सीमा रोगाच्या सीमेसारखी दिसू लागली की ती मागण्याची निकड कोणाला वाटत नाही.

आता ज्या गफलतीने मला सर्वाधिक अस्वस्थ वाटते तिच्याकडे येतो. ती निवडीत होत नाही, निवडलेले ‘जतन’ करताना होते.

नवा थर पुष्कळदा ‘शेपफाइल’ या साच्यात जतन केला जातो. हा साचा १९९०च्या दशकातला आहे, सगळीकडे चालतो, म्हणून सवयीने तोच वापरला जातो. त्याच्या तक्त्याला जुन्या काळाच्या मर्यादा आहेत. रकान्याच्या नावाला दहाच अक्षरे मिळतात. इंग्रजीत लिहिलेले ‘डेंग्यू पॉझिटिव्ह २०२२’ आणि ‘डेंग्यू पॉझिटिव्ह २०२३’ हे दोन रकाने कापले जाऊन एकसारखेच होतात, मग सॉफ्टवेअर त्यातल्या एकाला आपल्या मनाने आकडा लावते. कोणता रकाना कोणत्या सालचा, हे महिन्याभराने करणाऱ्यालाही सांगता येत नाही. मराठीची अवस्था आणखी बिकट. देवनागरीतले एकेक चिन्ह संगणकात साधारण तीन अक्षरांची जागा खाते, त्यामुळे दहाच्या जागेत तीनच चिन्हे मावतात. ‘मलेरिया रुग्ण’ या रकान्याचा ‘मले’ होतो. गावांच्या नावांची लिपी-जुळणी नीट निवडली नसेल तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. हे निदान डोळ्यांना दिसते तरी.

दिसत नाही ते असे. शेपफाइलच्या तक्त्यात आकड्याच्या रकान्यात ‘माहिती नाही’ असे नीट लिहिण्याची सोय नाही. त्यामुळे मूळ थरात कोरी असलेली जागा नव्या थरात, सॉफ्टवेअर कोणते यावर अवलंबून, शून्य होऊन बसू शकते. याचा अर्थ काय? एखाद्या उपकेंद्रात आरोग्यसेविकेची जागा रिकामी आहे, त्या गावांतून महिनोन्‌महिने रक्ताचे नमुनेच गेलेले नाहीत. मूळ तक्त्यात तिथे कोरी जागा आहे, ती बरोबर आहे. नव्या थरात तिथे शून्य आले आणि नकाशाने त्या गावाला हिरवा रंग दिला. ज्या गावाकडे कोणी फिरकले नाही ते गाव जिल्ह्यातले सर्वांत निरोगी ठरले. आणि पुढच्या बैठकीत फवारणीचे पथक कुठे पाठवायचे हे त्या रंगावरून ठरणार. कोणाचा दुष्ट हेतू नाही, कोणी आकडे दडपले नाहीत. एका ‘सेव्ह’च्या खिडकीत साचा बदलायचा राहिला, इतकेच. ‘जिओपॅकेज’ हा नवा, खुला साचा वापरला तर कोरी जागा कोरी राहते, नावे पूर्ण राहतात, देवनागरीही शाबूत राहते. क्यूजीआयएस आता आपणहून तोच सुचवते. तरी जुन्या सवयीने लोक यादी उघडून शेपफाइल निवडतात.

एका फायलीतून दुसरीत जाताना माहिती गळणे किती महाग पडते, हे इंग्लंडने २०२०मध्ये अनुभवले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले कोविडचे १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत, कारण प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतली जात होती आणि त्या साच्यात ६५,५३६पेक्षा जास्त ओळी बसत नाहीत. उरलेल्या ओळी निमूटपणे पडून गेल्या. त्या माणसांच्या संपर्कातल्यांना शोधायला उशीर झाला. तिथे नकाशा नव्हता, नुसता तक्ता होता. पण नकाशाच्या पोटातही तक्ताच असतो.

अंतराच्या अटीबद्दल थोडेसे. ‘प्राथमिक आरोग्य केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आतली गावे’ हा आराखड्यांतला आवडता थर. संगणक केंद्राभोवती वर्तुळ काढतो आणि आतली गावे ‘सेवेखाली’ म्हणून वेगळी करतो. वर्तुळ पक्ष्याचे असते, माणसाचे नाही. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की वर्षानुवर्षे पुलावरून पाणी जात आले आहे आणि पलीकडची गावे तुटत आली आहेत. बाळंतीण नदीच्या त्या काठावर, दवाखाना या काठावर, नकाशावर अंतर पाच किलोमीटरच्या आत. सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २० हजारांमागे एक, हा सरकारचाच निकष आहे; म्हणजे जमिनीचा चढउतार महत्त्वाचा असतो हे धोरणाला मान्य आहे. मग निवडीच्या अटीलाही मान्य हवे. रस्त्याने लागणारा वेळ धरून, पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा असे दोन वेगळे थर काढता येतात. (नवशिक्यांसाठी: नकाशा अक्षांश-रेखांशाच्या एककात असताना पाच हा आकडा टाकला तर संगणक पाच किलोमीटर नव्हे, पाच अंश धरतो. एक अक्षांश सुमारे १११ किलोमीटरचा. सगळा जिल्हा सेवेखाली आलाच समजा.)

वेचून काढलेला थर ही मूळ थराची नक्कल असते आणि ती त्या क्षणी गोठते, हेही लक्षात ठेवायला हवे. मूळ थरात उद्या नवे उपकेंद्र जोडले गेले तर ते नकलेत आपोआप येत नाही. कार्यालयातल्या संगणकांवर ‘पीएचसी_फायनल’, ‘पीएचसी_फायनल_नवीन’, ‘पीएचसी_फायनल_नवीन_२’ अशा नावांचे थर नांदत असतात आणि तीन विभाग तीन वेगळ्या नकलांवर नियोजन करत असतात. बहुतेक वेळा नकलेची गरजच नसते. मूळ थरावर चाळणीची अट लावली, की पडद्यावर हवे तेवढेच दिसते आणि मूळ बदलले की दिसणारेही बदलते. नक्कल काढावी ती बाहेर कोणाला द्यायची असेल तेव्हा.

आणि बाहेर देताना उलटी काळजी घ्यावी. नकाशावर ठिपका दिसतो, पण ठिपक्यासोबत तक्त्यातली अख्खी ओळ जाते. क्षयरोग्यांचा थर वेगळा काढून कोणाला पाठवला, तर त्यात रुग्णाचे नाव, मोबाइल क्रमांक, घराचा पत्ता हे रकाने न दिसता प्रवास करू शकतात. एचआयव्हीबाधितांच्या गोपनीयतेला तर २०१७च्या कायद्याचे संरक्षण आहे. जतन करताना कोणते रकाने न्यायचे याची यादी सॉफ्टवेअर समोर ठेवते. तिथल्या खुणा काढायला अर्धे मिनिट लागते. छोट्या पाड्यावर एकच रुग्ण असेल तर नाव काढूनही ओळख लपत नाही, तेव्हा ठिपका न देता गटाची किंवा तालुक्याची संख्या द्यावी.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग वेचूच नका, सगळा नकाशा सगळ्यांना द्या. ते मला पटत नाही. वीस थर एकदम लावलेला नकाशा म्हणजे नुसती गर्दी. त्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्याला आपली दहा गावे शोधता येत नाहीत. वेचणे आवश्यकच आहे. मागणी इतकीच की, आरोग्याचा जो नकाशा निर्णयासाठी वापरला जातो किंवा जाहीर होतो, त्याच्याखाली चार ओळी असाव्यात. मूळ थर कोणाचा आणि कोणत्या तारखेचा. निवडीची अट काय होती, शब्दशः. एकूण किती गावांपैकी किती निवडली गेली. आणि माहितीच न आलेली गावे किती; त्यांना हिरवा किंवा पांढरा रंग न देता स्वतंत्र राखाडी रंग. यासाठी नवे यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही, प्रशिक्षणाला एक दुपार पुरते. वेळ नाही ही सबब मला मान्य नाही. अट संगणकात टाइप केलेलीच असते, ती फक्त उचलून खाली चिकटवायची आहे. राखाडी रंग वाढला की विभागाची लाज निघते, ही अडचण मात्र खरी आहे, आणि ती सहन करायला वरिष्ठांनी शिकले पाहिजे. ज्या कर्मचाऱ्याने ‘माहिती नाही’ असे खरे दाखवले त्याला बैठकीत झापले, तर पुढच्या महिन्यात तिथे शून्य येईल.

सुरक्षेच्या नावाखाली नकाशे दडवून ठेवण्याचे दिवसही कागदावर तरी गेले. केंद्राने फेब्रुवारी २०२१मध्ये नकाशांच्या माहितीवरचे बरेच निर्बंध उठवले, २०२२मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणही आणले. गावांच्या हद्दी, आरोग्य केंद्रांच्या जागा, रस्ते हे मूळ थर, ज्यांत कोणा रुग्णाची ओळख नाही, ते जिल्हा परिषदांच्या संकेतस्थळांवर उतरवून घेता येतील असे असावेत. मग कोणाही शिक्षकाला, पत्रकाराला, ग्रामपंचायत सदस्याला तीच अट टाकून तोच नकाशा येतो का हे पडताळता येईल. क्यूजीआयएसमध्ये ‘निवड उलटी करा’ असे एक बटण आहे. ते दाबले की वगळलेली सगळी गावे पिवळी होतात.

तोवर माहिती अधिकाराचा मार्ग आहे. अर्जात ‘नकाशाची प्रत द्यावी’ असे लिहिले की रंगीत झेरॉक्स हाती येते. त्याऐवजी मूळ थर, निवडीची अट आणि निवडलेल्या-वगळलेल्या गावांची संख्या मागावी, तीही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. २००५च्या त्या कायद्यात तशी माहिती मागण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. त्यात अजून फ्लॉपीचाही उल्लेख आहे, पण पेनड्राइव्ह चालतो.